पापणीची शस्त्रक्रिया : काय होते आणि किती दिवस लागतात



ऊस विकास विभागाच्या पानावर पापणीचा विषय कशाला, असे कोणीही विचारील. बेण्याचा डोळा फुगीर आहे का, ताजा आहे का, टिपरे तोडताना दुखावला तर नाही ना, एवढे आपण बारकाईने बघतो. कपाळाखालच्या डोळ्यांची मात्र तशी पाहणी होत नाही. उसाच्या नोंदीसाठी आमचे शेतकी कर्मचारी शिवारात फिरतात, तेव्हा साठीच्या पुढचे काही सभासद डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरतात आणि उजव्या हाताने सही करतात, असे आम्ही पाहिले आहे. काहीजण बोलताना मान मागे टाकतात. समोरच्याला वाटते, माणूस ताठ आहे. पुष्कळदा तो ताठ नसतो. त्याच्या पापण्या खाली आलेल्या असतात आणि त्यांच्याखालून बघण्यापुरती मान त्याला वर करावी लागते. दिवसभर कपाळाला आठ्या घालून भुवया उचलाव्या लागतात, म्हणून संध्याकाळी डोकेही दुखते.

अशांपैकी काही सभासद मोतीबिंदूच्या निमित्ताने पुण्याला जातात. तिथे डॉक्टर सांगतात, पापणीचेही करून घ्या. मग घरी विचार चालतो आणि बहुतेकदा तो तिथेच राहतो. एक भीती असते, डोळ्याजवळ सुरी नको. दुसरा विचार असा असतो की एवढ्या किरकोळ कामाला दवाखान्यात कोण बसणार, सकाळी करू आणि संध्याकाळी पाण्यावर जाऊ. आमच्या मते पहिल्यापेक्षा दुसरा विचार जास्त घातक आहे. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, डॉक्टर नव्हे. औषध सांगणे हे आमचे काम नाही. पण ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, तिच्यानंतरचे पंधरा दिवस कसे जातात आणि कोणत्या खुणेला थांबायचे नाही, हे सभासदांना आधीच ठाऊक असावे म्हणून हे लिहिले आहे.

पुण्याचा गाडीवान

चेहऱ्याच्या कातडीची शस्त्रक्रिया ही परदेशातून आलेली नवी टूम आहे, असा समज असेल तर तो काढून टाकावा. या विद्येची जगभर गाजलेली एक हकीकत आपल्या पुण्याजवळची आहे आणि तिच्यातला रोगी शेतकरी जातीचा मराठा होता. कावसजी हे त्याचे नाव. इंग्रजांच्या फौजेबरोबर तो बैल हाकीत असे. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर माणूस बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटवाल्याने, म्हणजे विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, ते बघायला हजर होते. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मासिकाच्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात ही हकीकत चित्रासह छापून आली.

त्या हकीकतीत कापाकापीइतकेच नंतरच्या सांभाळाचे वर्णन आहे, ते आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. आधी मेणाचे नाक करून बघितले, मग ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्या कडेने रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, कारण तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळणार. टाके घातले नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही, नंतर तुपात भिजवलेली कापडे ठेवली. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे झोपवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. मधली पट्टी कापली ती साधारण पंचविसाव्या दिवशी. फौजेतला रांगडा गाडीवान, पण तोही तोवर थांबला.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने 1814 साली तशी शस्त्रक्रिया केली. पुढे जर्मनीत कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याने 1818 साली नाकाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. पापणी नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेला 'ब्लेफारोप्लास्टी' हे नाव त्यानेच त्या वर्षी दिले. आज पुण्यातल्या डॉक्टरांच्या कागदावर हाच शब्द लिहिलेला दिसेल. तो बघून घाबरू नये.

पापणी पडली, पण कशाने?

सगळ्या पापण्या एकाच कारणाने पडत नाहीत आणि कारण वेगळे तशी शस्त्रक्रिया वेगळी.

वयोमानाने वरच्या पापणीची कातडी सैल होते. तिची वळी पापणीच्या केसांवर येऊन बसते आणि बाजूचे दिसणे झाकते. आरशासमोर बसून ती वळी बोटाने हलकेच वर उचलावी. खालची पापणीची कड जागच्या जागी असेल तर दोष बहुधा नुसत्या कातडीचा असतो. कड स्वतःच खाली उतरून बुबुळ झाकत असेल, तर पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याची दोरी सैल झालेली असते. अशा वेळी कातडी कितीही काढली तरी उपयोग नाही, आतली दोरी आवळावी लागते. हा झाला घरचा अंदाज. निदान डॉक्टरांनी करायचे.

खालची पापणी आत वळणे हे आपल्याकडे दुर्लक्षित राहणारे दुखणे आहे. केस दर मिचकावण्याला बुबुळावर घासतात. माणूस 'कूस गेली, कुसळ गेले' म्हणत डोळा चोळत राहतो. घासून घासून बुबुळावर जखम होते आणि ती चिघळली तर फूल पडते. ते फूल मग कोणत्याही चष्म्याने जात नाही. काही घरांतून आजीबाई चिमट्याने हे केस उपटून देतात. काही आठवडे बरे वाटते, मग नवे केस आखूड आणि ताठ येतात आणि जास्त टोचतात. पूर्वी खुपऱ्यांमुळे वरच्या पापणीत व्रण पडून केस आत वळत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले आहे. तरी जुन्या खुपऱ्यांचे व्रण असलेली वयस्क माणसे आजही आहेत. त्यांनी तपासून घ्यावे.

खालची पापणी बाहेर लोंबली तर डोळ्यातून सतत पाणी गळते. तोंडावरून वारे गेले असेल तर डोळा मिटतच नाही. या दोन्हींवर उपाय आहेत.

जन्मतः एक पापणी खाली असलेल्या पोराला 'मोठा झाला की बघू' म्हणून ठेवू नये. पापणीने बुबुळ झाकले तर त्या डोळ्याला बघण्याची सवयच लागत नाही. पुढे पापणी उचलली तरी नजर कमी राहते. शस्त्रक्रिया केव्हा करायची ते डॉक्टर ठरवतील, पण दाखवायला उशीर नको.

रांजणवाडी हा शब्द ऐकला की सगळे हसतात. तरुणाला आली तर हसावे. पण पन्नाशीनंतर एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल, गाठ वाढत असेल, तिथले केस गळत असतील किंवा जखम भरत नसेल, तर तिचा तुकडा तपासायला पाठवणे जरूर आहे. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग अशाच वेशात येतो आणि आपल्या देशात तो अगदीच विरळा नाही.

तोडणीच्या दिवसांतली गोष्ट निराळी. कोयता निसटला, बैलाने शिंग मारले, तार उडाली आणि पापणी फाटली, तर ते टाके गावात घालून घेऊ नयेत. पापणीची कड जुळली नाही तर जन्माची खोच राहते आणि नाकाच्या बाजूला फाटले असेल तर अश्रूंची नळी तुटलेली असू शकते. लोंबणारा तुकडा कापून टाकू नये. स्वच्छ ओले कापड ठेवावे, डोळा दाबू नये, धनुर्वाताची सुई घ्यावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. टोळीतल्या मजुराला असे झाले तर मुकादमाची वाट न बघता शेताच्या मालकाने गाडी काढावी, असे आम्ही स्पष्ट लिहितो.

पापणी अचानक पडली तर

आतापर्यंत लिहिले ते हळूहळू होणाऱ्या दुखण्यांविषयी. काल रात्रीपर्यंत ठीक असलेली पापणी आज पडली, तर तो शस्त्रक्रियेचा विषय नव्हे, धावपळीचा आहे.

रात्रीची वीज असते तेव्हा आपले लोक अंधारात पाणी द्यायला जातात, कोणी बांधावर किंवा खोपीत अंग टाकतात. मण्यार चावली तर पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, घशाशी येते आणि दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे म्हणतात, जागरण झाले, झोपू द्या. झोपू देऊ नका. पापण्या पडणे ही मण्यारीच्या आणि नागाच्या विषाची सुरुवातीची ठळक खूण आहे, त्यानंतर पाळी गिळण्याची आणि श्वासाची असते. मंत्र, कडुनिंबाचा पाला, मिरची चाखवणे यात एक मिनिटही घालवू नये. जिथे सर्पविषावरची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे. आपल्या देशात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

एका बाजूची पापणी एकाएकी पडली, एकाचे दोन दिसू लागले, डोके फुटल्यासारखे दुखू लागले, तर हे मेंदूतील रक्तवाहिनीचे दुखणे असू शकते. मधुमेहातही नस बिघडून असे होते. सकाळी ठीक आणि दिवस कलेल तशी पापणी खाली, असे रोज होत असेल तर स्नायूंचा एक आजार असतो, त्याच्यावर गोळ्या आहेत. हे सगळे वगळल्यावरच सुरीचा विचार होतो.

जाण्यापूर्वी

पुण्यात पापणीच्या कामासाठी नेत्रतज्ज्ञांतही वेगळे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, त्यांच्या विभागाला 'ऑक्युलोप्लास्टी' म्हणतात. केसपेपर काढताना हा शब्द सांगावा, म्हणजे चुकीच्या रांगेत दिवस जाणार नाही. रेल्वे स्टेशनजवळचे ससून रुग्णालय 1867 पासूनचे, सरकारी आहे. हडपसरच्या बाजूला महंमदवाडीत पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. खाजगी रुग्णालये पुष्कळ आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते की नाही, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे. निव्वळ देखणेपणासाठी करायची असेल तर खर्च स्वतःचा. देखणेपणासाठी करू नये असे आमचे म्हणणे नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घ्याव्या असे कोणाला वाटले तर तो त्याचा प्रश्न, फक्त नंतरचे पथ्य त्यालाही तेच.

डॉक्टर पापण्या पट्टीने उचलून आणि तशाच ठेवून, असे दोनदा बाजूचे दिसणे मोजतात. फोटो काढतात. डोळा कोरडा आहे का बघतात. कोरड्या डोळ्याची पापणी जास्त उचलली तर बुबुळ उघडे पडून त्रास वाढतो. मोतीबिंदूही असेल तर आधी कोणते, हा निर्णय त्यांचा. पापणी आत वळलेली असेल तर बहुधा ती आधी सरळ करतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र काही लपवू नये. हृदयाच्या दुखण्यासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन चालू असेल तर चिठ्ठी घेऊनच जावे. या गोळ्या चालू राहिल्या तर रक्तस्राव होतो आणि आपल्याच मनाने बंद केल्या तर हृदयाला धोका. बंद करायच्या का, किती दिवस, हे नेत्रतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर दोघांनी मिळून सांगायचे. वैद्याचे काढे, चूर्णे, लसणाच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगावे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात लागते. तंबाखू आणि मिसरी जखम भरू देत नाहीत. आधीचे आणि नंतरचे काही आठवडे तरी चंची घरी ठेवावी.

टेबलावर

मोठ्या माणसाची पापणी बहुतेकदा जागेची भूल देऊन करतात. बसवून, डोळे उघडे-मिटे करायला लावून पेनाने खुणा करतात. भुलेची सुई चरचरते, ती दोन-तीन क्षणांची कळ आहे. नंतर ओढल्यासारखे कळते, दुखत नाही. रक्त थांबवताना जळल्याचा वास येतो, तो आपल्याच कातडीचा असतो हे आधी माहीत असले म्हणजे दचकायला होत नाही. स्नायूची दोरी आवळायची असेल तर मधेच 'डोळे उघडा' म्हणतात, कधी उठवूनही बसवतात. पापणी नेमकी किती वर यावी हे त्यावरून ठरते, म्हणून पूर्ण भूल मागू नये. दोन्ही वरच्या पापण्यांच्या कातडीला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. लहान मुलांना पूर्ण भूल देतात.

कातडी किती काढायची याला मर्यादा आहे. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान 20 मिलिमीटर कातडी राखतात, नाहीतर डोळा मिटणार नाही. 'आलोच आहे तर चांगली घट्ट करा' असा आग्रह धरू नये. सुश्रुतसंहितेत आत वळलेल्या पापणीवर शस्त्रक्रिया सांगितली आहे, तिच्यातही हाच हिशेब आहे. भुवईखाली दोन भाग सोडायचे, केसांच्या वर एक भाग सोडायचा, मधली जवाच्या आकाराची कातडी काढायची आणि केसाने शिवायचे. वर मध आणि तूप. आज टाक्याचा दोरा बदलला आहे. मध-तूपही लावायचे नाही, डॉक्टर देतील तेच मलम लावायचे.

पहिली रात्र पुण्यात काढा

बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पण 'घरी' म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरवरचा मळा नव्हे. पहिली रात्र पुण्यातच, कोणी लेक-जावई, भाऊबंद असतील त्यांच्याकडे काढावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कारण असे. क्वचित, सुमारे दोन हजारांत एकाला, डोळ्यामागे रक्त साठते. तिथे पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो आणि नजरेची नस गुदमरते. वेळेत टाके सोडून दाब मोकळा केला तर नजर वाचते, त्यामुळे कायमची नजर जाणाऱ्यांची संख्या त्याहून पुष्कळच कमी आहे. पण हा खेळ तासांचा आहे, कधी त्याहूनही कमी. बहुतेक वेळा हे पहिल्या चोवीस तासांत होते. खुणा अशा : एका डोळ्यात वाढत जाणारी तीव्र कळ, डोळा पुढे आल्यासारखा दगडाइतका घट्ट, पापणी उघडली तर अंधूक किंवा काहीच दिसत नाही. साधी सूज दोन्हीकडे असते आणि फार दुखत नाही. म्हणून त्या रात्री दर दोन तासांनी कोणीतरी उठावे, एकेक डोळा उघडून 'बोटे किती?' असे विचारावे. मलमामुळे थोडे धुरकट दिसेल, ते चालते. दिसणे कमी कमी होत गेले तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जावे. रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर निघतानाच मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा.

दुखले तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. सहसा ती पॅरासिटॅमॉलची असते. अंगदुखीच्या इतर गोळ्या रक्त वाढवू शकतात, त्या किराणा दुकानातून आणू नयेत.

पुढचे पंधरा दिवस

पहिले दोन दिवस जागेपणी तासातासाने दहा-पंधरा मिनिटे थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी. बर्फ थेट लावू नये. झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी चेहरा ओळखू येत नाही. पापण्या टरारून फुगतात, डोळ्याच्या फटी होतात, काळेनिळे पडते. याच दिवशी घरचे घाबरतात आणि भेटायला येणारे आपापले उपाय सांगतात. ही सूज या दिवसांत सर्वांत जास्त असायचीच. निळेपण मग उताराच्या पाण्यासारखे गालावर उतरते, पिवळे होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. हळद, लोणी, दूध, काजळ यांतले काहीही लावू नये. डोळा चोळू नये. खाज सुटेल, ती भरून येण्याची खाज असते.

टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात, काही दोरे आपोआप विरघळतात. तोवर जखमेला पाणी लागू देऊ नये. काही दिवस डोळा नीट मिटत नाही, झोपेत फट राहते. दोरी आवळलेल्या पापणीत हे जास्त दिवस चालते. त्यासाठी थेंब आणि रात्रीचे मलम दिलेले असते. डोळ्याला बरे वाटते म्हणून ते सोडू नये, बुबुळ कोरडे पडले तर सगळे मुसळ केरात. केसांच्या कडेला काही आठवडे बधिर लागेल, घाबरू नये. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला, टाका उसवला, तर मात्र दाखवायला जावे.

आता कामाचे. दोन आठवडे वाकून वजन उचलायचे नाही. वैरणीचा भारा, खताचे पोते, फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, काहीही नाही. वाकले की डोक्याकडे रक्त धावते आणि भरत आलेली जागा पुन्हा सुटते. चुलीपुढे वाकून फुंकणे हेही यातच आले, आणि बाईमाणसाच्या बाबतीत हे पथ्य सर्वांत आधी मोडते असा आमचा अनुभव आहे. पुरुषाला टाके पडले की घर चालते, बाईला टाके पडले तर तिसऱ्या दिवशी भाकरी तिच्याच हातची लागते. सुनांनी, लेकांनी आणि विशेषतः मालकांनी इकडे लक्ष द्यावे. मोटारसायकल, पाचट पेटवलेले शिवार, मळणी, कारखान्याच्या आवारातली धूळ यांपासून दूर राहावे. बाहेर पडताना गॉगल लावावा, लोक हसले तरी. विहिरीत पोहणे महिनाभर बंद.

दोन्ही पापण्या सारख्या दिसत नाहीत म्हणून आठव्या दिवशी डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये. एका बाजूची सूज उशिरा उतरते. पापणीचा खरा आकार दीड-दोन महिन्यांनी कळू लागतो, व्रणाची लाली फिकी व्हायला कधी सहा महिने लागतात. दोरी आवळलेल्या पापणीत थोडी उंची कमी-जास्त राहून पुन्हा दुरुस्ती करावी लागणे हेही काहींच्या बाबतीत होते. त्याची कल्पना आधी विचारून घ्यावी.

केव्हा करावी

पापणी आत वळली असेल, गाठ असेल, जखम असेल, तर हंगाम बघायचा नाही. नुसती सैल कातडी किंवा सावकाश उतरलेली पापणी असेल तर आपल्या उसाचा हिशेब बघून तारीख घ्यावी. आडसालीची लागण करणाऱ्यांना लागण उरकून उगवण बघितली की सप्टेंबरात मोकळीक असते. पितृपंधरवडा म्हणून कोणी तेव्हा थांबते, त्यात आम्ही पडत नाही. सुरूच्या लागणीवाल्यांनी जानेवारी-फेब्रुवारी टाळावे. स्वतःच्या उसाला तोड येण्याच्या सुमारास तर मुळीच तारीख घेऊ नये. फडात टोळी आली की कोणाचा पाय घरात ठरत नाही, हे आम्ही दरसाल बघतो.

ज्या सभासदांची शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात तसे सांगून ठेवावे. त्या पंधरवड्यात ऊस नोंदीची किंवा इतर कागदांची सही लागली तर आमचा माणूस घरी येईल, त्यासाठी कार्यालयात खेप घालू नये. खोडव्याच्या खतांविषयीची माहिती पुढील अंकात देत आहोत.